वडिलांसोबत पाहण्याजोगे रशियन युद्धपट

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांनी 'टी-३४' आणि 'स्टालिनग्राड' हे दोन अलीकडचे रशियन युद्धपट हिंदी डबिंगमध्ये पाहिले आणि त्यांना ते आवडले. त्यांचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. 'टी-३४' सुरू असताना ते मध्येच उठले आणि "ही सर्कस आहे" एवढेच म्हणून अंगणात जाऊन बसले. आघाडीवरच्या सैनिकाचे खरे चित्रण असलेले, वडिलांनाही पटतील असे रशियन चित्रपट कोणते, ते कोणत्या क्रमाने पाहावेत, जुने कृष्णधवल चित्रपट फार संथ वाटतील का, आणि हा सगळा सरकारी प्रचारच नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

फिल्म सोसायटीच्या आणि चित्रपट रसास्वाद शिबिरांच्या कामात मी बरीच वर्षे आहे. सोव्हिएत युद्धपट निवडणे, दाखवण्याआधी चार शब्द बोलणे आणि नंतर प्रेक्षकांचे आक्षेप ऐकून घेणे हा त्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. या प्रेक्षकांत निवृत्त फौजी नेहमीच असतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, की तुमची खरी अडचण यादीची नाही. 'टी-३४' मधला रणगाडा खरा आहे, गणवेशांवरही मेहनत घेतलेली आहे. वडिलांचा आक्षेप साधनसामग्रीवर नसावा. तोफगोळा संथ गतीने हवेतून फिरत जाताना दिसतो, नायक संकटातही विनोद करतो आणि कोणालाही झोप, भूक, थंडी किंवा भीती जाणवत नाही, हे त्यांना खटकले असावे. सैनिकाच्या आयुष्यात प्रत्यक्ष गोळीबाराची वेळ थोडी आणि चालण्याची, खणण्याची, वाट पाहण्याची वेळ फार मोठी असते. जो चित्रपट ही मोठी वेळ दाखवू शकतो तो फौजी माणसाला पटतो, असा माझा अनुभव आहे. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा मांडतो : लढाई सुरू होण्याच्या आधीची आणि ती संपल्यानंतरची मिनिटे कोणत्या रशियन चित्रपटांना माहीत आहेत?

याचे उत्तर काही अंशी तुमच्या घरावर अवलंबून आहे. वडिलांना इंग्रजी उपशीर्षके वाचायला त्रास होतो का, तीन तासांचा चित्रपट ते एका बैठकीत पाहू शकतात का, त्यांनी स्वतः प्रत्यक्ष कारवाई पाहिली आहे का, हे मला ठाऊक नाही. ज्यांनी सहकारी गमावले आहेत अशा माणसांना काही दृश्ये फार जवळची वाटतात, आणि ती आधी न सांगता समोर आणणे बरे नव्हे. म्हणून पुढे काही ठिकाणी मी कथेचा शेवटही सांगणार आहे. या चित्रपटांत शेवट लपवून ठेवण्यात फारसे काही नाही.

'टी-३४' पासूनच सुरुवात करू. जर्मनांच्या कैदेतले सोव्हिएत रणगाडाचालक त्यांच्याच रणगाड्यातून पळ काढतात ही त्याची मूळ कल्पना नवी नाही. साठच्या दशकात लेनफिल्म या लेनिनग्राडच्या स्टुडिओने 'झावरोनक', म्हणजे 'चंडोल', नावाचा चित्रपट याच दंतकथेवर काढला होता. दिग्दर्शक होते निकिता कुरिखिन आणि लिओनिद मेनाकेर. जर्मन लोक आपल्या नव्या तोफगोळ्यांची चाचणी घेण्यासाठी पकडलेल्या टी-३४ मध्ये कैद्यांना बसवून त्यावर मारा करतात, आणि एके दिवशी तो रणगाडा चाचणीच्या मैदानातून बाहेर पडतो. २०१९ च्या सुरुवातीला प्रदर्शित झालेल्या चित्रपटात नायकाला दारूगोळा मिळतो, जर्मन शत्रूशी समोरासमोर द्वंद्व होते, प्रेयसी मिळते आणि सोबती घरी परततात. जुन्या चित्रपटात लढायला दारूगोळाच नाही. ती माणसे जर्मनीच्या शेतांमधून नुसती पुढे जात राहतात, आणि अखेरीस चालक इव्हान रस्त्यात आलेल्या एका लहान मुलाला बाजूला करण्यासाठी रणगाड्यातून खाली उतरतो आणि मारला जातो. जुना चित्रपट अधिक वास्तववादी आहे असे मी म्हणणार नाही, कारण दंतकथा तीच आहे. पण तो काढणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना युद्ध संपून वीस वर्षेही झाली नव्हती, आणि सुटकेची शक्यता किती होती हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

म्हणूनच रशियन युद्धपट निवडताना मी सर्वांत आधी त्याचे साल पाहतो. दिग्दर्शकाचे नाव नंतर. युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, लिओनिद लुकोव्ह यांनी ताश्कंदला हलवलेल्या स्टुडिओत 'दोन सैनिक' हा चित्रपट पूर्ण केला. लेनिनग्राडच्या आघाडीवरच्या दोन मित्रांची ती साधी गोष्ट आहे, आणि खंदकात रात्री गिटार घेऊन मार्क बेर्नेस जे गाणे म्हणतो ते रशियन घरांत आजही गायले जाते. युद्ध संपल्यावर मात्र स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत पडद्यावरून साधा सैनिक मागे सरकला आणि सर्वोच्च नेता पुढे आला. 'बर्लिनचे पतन' या चित्रपटात तर स्टालिन विमानाने बर्लिनला उतरतो आणि लोक त्याचा जयजयकार करतात. असे प्रत्यक्षात कधीच घडले नव्हते. १९५३ मध्ये स्टालिन वारला, १९५६ मध्ये त्याच्यानंतरचा नेता ख्रुश्चेव्ह याने पक्षाच्या अधिवेशनात त्याच्यावर टीका केली, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत सोव्हिएत पडद्यावर पुन्हा एकेकटा माणूस दिसू लागला. तुमच्या वडिलांना पटणारे बरेचसे चित्रपट याच काळातले आणि त्याच्या लगतचे आहेत.

त्यांतला पहिला म्हणजे ग्रिगोरी चुख्राय यांचा 'बॅलड ऑफ अ सोल्जर' (१९५९). चुख्राय स्वतः युद्धात हवाई छत्रीने उतरवल्या जाणाऱ्या तुकड्यांत होते, स्टालिनग्राडला लढले आणि अनेकदा जखमी झाले. चित्रपट दीड तासाच्या आत संपतो. पहिल्याच मिनिटांत एक म्हातारी आई गावाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत उभी राहते आणि निवेदक सांगून टाकतो की तिचा मुलगा परत येणार नाही. मग लगेच आघाडी. अल्योशा हा एकोणीस वर्षांचा संदेशवाहक तुकडीतला पोरगा रणगाडे येताना पाहतो आणि पळत सुटतो. एक रणगाडा त्याच्या मागे लागतो, आणि कॅमेरा वरून पाहता पाहता असा उलटा होतो की जमीन वर आणि आकाश खाली जाते. शेवटी खड्ड्यात पडल्यावर हाताशी आलेल्या रणगाडाविरोधी बंदुकीने तो दोन रणगाडे निकामी करतो. जनरल कौतुक करू लागतो तेव्हा तो प्रामाणिकपणे सांगतो, की मी घाबरलो होतो. पदकाऐवजी तो रजा मागतो, कारण आईने घराचे छप्पर गळते आहे असे कळवले आहे. जनरल सहा दिवस देतो : दोन जायला, दोन यायला आणि दोन छपरासाठी.

यानंतर चित्रपटात आघाडी जवळपास नाहीच. तरीही मी तो आघाडीवरच्या सैनिकाचा चित्रपट मानतो, कारण रजेवर निघालेला माणूस आघाडी आपल्यासोबत घेऊनच निघतो. स्टेशनवर भेटलेला एक अनोळखी सैनिक घरी बायकोला देण्यासाठी साबणाच्या वड्या अल्योशाजवळ देतो. तुकडीला मिळालेला तो साबण म्हणजे त्या काळातली केवढी मोठी भेट होती, हे त्या सैनिकांच्या चेहऱ्यांवरून कळते. अल्योशा पत्ता शोधत घरी पोचतो तेव्हा बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर राहत असल्याचे त्याला दिसते. तो साबण ठेवून निघतो, जिना उतरतो, परत वर चढतो, साबण उचलतो आणि त्या सैनिकाच्या वडिलांना नेऊन देतो. एकही भाषण नाही. दाखवलेल्या प्रत्येक ठिकाणी निवृत्त जवानांनी चित्रपट संपल्यावर याच प्रसंगाविषयी बोलायला सुरुवात केली, रणगाड्यांविषयी कोणी बोलले नाही. रजा मंजूर होणे, गाडी मिळणे, वाटेत दिवस निघून जाणे, हे कुठल्याही सैन्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मी पाहतो ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर आणि मागे कोण आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या सोव्हिएत युद्धपटांची ताकद मुख्यतः यात आहे, की ते काढणारे, लिहिणारे आणि त्यांत काम करणारे बरेच जण खरोखर लढलेले होते. खांद्यावर बंदूक कशी लटकते, तंबाखू कागदात कशी गुंडाळतात, स्फोटाचा आवाज आल्यावर माणूस किती उशिरा मान वर काढतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. १९६४ चा 'द लिव्हिंग अँड द डेड' घ्या. अलेक्सान्द्र स्तोल्पेर यांनी युद्धवार्ताहर राहिलेल्या कोन्स्तान्तिन सिमोनोव्ह यांच्या कादंबरीवर तो काढला. विषय आहे १९४१ चा, म्हणजे माघारीचा, गोंधळाचा आणि वेढ्यात सापडण्याचा. त्यातला सेर्पिलिन हा अधिकारी युद्धाच्या थोडेच आधी स्टालिनच्याच छळछावणीतून सुटून आलेला आहे, आणि तरीही तो मोगिल्योव्हजवळच्या वेढ्यातून आपले सैनिक शिस्तीत बाहेर काढतो. ही भूमिका करणारे अनातोली पापानोव्ह स्वतः १९४२ मध्ये आघाडीवर पायाला गंभीर जखम होऊन परतले होते. एरवी ते विनोदी नट म्हणून ओळखले जात.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. सव्वातीन तासांच्या आसपासची ही शांतता काही प्रेक्षकांना जड जाते. सिन्त्सोव्ह हा दुसरा नायक वेढ्यातून जखमी अवस्थेत बाहेर पडतो खरा, पण त्याची कागदपत्रे हरवलेली आहेत, आणि कागद नसलेल्या माणसावर स्वतःच्याच सैन्यात कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. शत्रूच्या गोळीबाराइतकाच वेळ चित्रपट या अविश्वासाला देतो. १९६४ च्या सोव्हिएत संघात हे एवढ्या उघडपणे दाखवणे सोपे नव्हते. मला विचाराल तर आघाडीवरच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल याहून चांगला रशियन चित्रपट नाही.

मात्र वडिलांसाठी माझी पहिली निवड तो नसेल. ती असेल सेर्गेई बोन्दार्चुक यांचा 'दे फॉट फॉर देअर कंट्री' (१९७५). शोलोखोव्ह यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीवरचा हा रंगीत चित्रपट आहे. जुलै १९४२. उन्हाने भाजलेला डॉन नदीकाठचा गवताळ प्रदेश, आणि लढून थकलेली एक रेजिमेंट मागे हटत चालली आहे. चित्रपटाचा अर्धाअधिक वेळ ही माणसे चालतात, धूळ खातात, एकमेकांची टर उडवतात, स्वयंपाक्याला शिव्या घालतात आणि खंदक खणतात. कठीण जमिनीत खंदक खणताना चाललेल्या गप्पा इतक्या लांब आहेत की तरुण प्रेक्षक कंटाळतात. फौजी मात्र हसू लागतात.

यातले एक दृश्य जरा जवळून पाहण्यासारखे आहे. लोपाखिन हा खाणकामगार सैनिक, म्हणजे वासिली शुक्शिन, नदीत पकडलेले खेकड्यासारखे जीव उकडण्यासाठी गावातल्या एका म्हातारीकडे बादली आणि मीठ मागायला जातो. म्हातारी त्याला उंबऱ्यावरच झापते. तुम्ही मागे पळता आहात, आम्हाला कोणाच्या भरवशावर सोडून जाता, तुला आई आहे का, लाज कशी वाटत नाही, असा तिचा सूर. लोपाखिन हा तोंडाळ, बायकांशी गोड बोलण्यात वाकबगार गडी, आणि इथे त्याला एकही उत्तर सुचत नाही. तो वळून चालू लागतो. मग म्हातारी हाक मारून त्याला थांबवते आणि बादली व टवके उडालेल्या वाडग्यात मीठ आणून देते. माघार घेणाऱ्या सैन्याला लोकांच्या नजरेला नजर देताना काय वाटते, हे इतक्या साधेपणाने दाखवलेले मी इतरत्र पाहिलेले नाही. याच महिन्याच्या अखेरीस, २८ जुलै १९४२ रोजी, एक पाऊलही मागे नाही असे फर्मावणारा २२७ क्रमांकाचा हुकूम निघाला. चित्रपट त्याचा गाजावाजा करत नाही, पण तो का निघाला असावा हे या अंगणात कळते.

चित्रीकरण चालू असतानाच, ऑक्टोबर १९७४ मध्ये, शुक्शिन यांचा मृत्यू झाला. पडद्यावर ऐकू येणारा लोपाखिनचा आवाज दुसऱ्या नटाचा आहे. त्याच चित्रपटात युरी निकुलिन आहेत. सर्कशीतले विदूषक म्हणून सारा देश त्यांना ओळखत असे, आणि त्यांनी लेनिनग्राडच्या बचावात विमानविरोधी तोफखान्यात काम केलेले होते. शस्त्रक्रियेच्या दृश्यातले सर्जन म्हणजे इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की. ते कुर्स्कला लढले, पकडले गेले आणि कैदेतून पळाले. त्या टेबलावर जखमांनी चाळण झालेला सैनिक, म्हणजे खुद्द बोन्दार्चुक, आपले बूट कापले म्हणून तक्रार करत असतो. वेदनेपेक्षा चांगल्या बुटांची चिंता मोठी, हे कोणत्याही क्वार्टरमास्टरला पटेल.

तोफखान्यात रस असेल तर गावरिल येगियाझारोव्ह यांचा 'हॉट स्नो' (१९७२) जरूर पाहावा. लेखक युरी बोन्दारेव्ह हे स्वतः तरुणपणी उखळी तोफेवरच्या गटाचे प्रमुख म्हणून स्टालिनग्राडच्या परिसरात लढले आणि तिथेच जखमी झाले. डिसेंबर १९४२ मध्ये वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला सोडवायला जर्मन सेनापती मानश्टाइनचे रणगाडे निघाले, त्यांना मिश्कोवा नदीवर थोपवण्याच्या लढाईवर त्यांनी कादंबरी लिहिली, आणि तिचा हा चित्रपट आहे. आगगाडीतून उतरलेली बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, बर्फातून चालत निघते, घोडे घसरतात, माणसे चालता चालता डुलक्या घेतात. अखेरीस जनरल बेस्सोनोव्ह बॅटरीवर येतो तेव्हा मोजकीच माणसे उभी असतात. तो प्रत्येकाच्या हातात पदक ठेवतो आणि आपल्याला याहून अधिक काही करता येत नाही एवढेच पुटपुटत पुढे जातो. युद्धतंत्राच्या दृष्टीनेही हा चित्रपट चोख आहे. रणगाडा किती जवळ येईपर्यंत थांबायचे, या एका निर्णयावर त्यातला ताण उभा आहे.

स्त्री सैनिकांविषयी थोडक्यात. सोव्हिएत सैन्यात सुमारे ८ लाख स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यावरचा सर्वांत परिचित चित्रपट म्हणजे स्तानिस्लाव्ह रोस्तोत्स्की यांचा 'द डॉन्स हिअर आर क्वाएट' (१९७२). युद्धात एक पाय गमावलेल्या या दिग्दर्शकाने विमानविरोधी तोफेवरच्या पाच मुली आणि त्यांचा हवालदार यांची करेलियाच्या जंगलातली गोष्ट सांगितली आहे. पूर्वार्ध जरा हलकाफुलका आणि लांबलेला आहे, पण दलदलीतल्या वाटेपासून पुढे तो सोडवत नाही. मुली कशा मरतात यापेक्षा त्या हवालदाराची प्रत्येकीच्या नावाने वाढत जाणारी जबाबदारी पाहा. वडील तीच पाहतील.

जागतिक याद्यांत वरच्या क्रमांकावर असलेले चित्रपट मी अजून सांगितले नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. 'द क्रेन्स आर फ्लाइंग' ला १९५८ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो उत्कृष्टच आहे, पण तो मुख्यतः मागे राहिलेल्या मुलीचा चित्रपट आहे. आघाडीवरचे त्यातले दृश्य एकच लक्षात राहते, ज्यात बोरिस गोळी लागून कोसळताना भूर्जवृक्षांचे शेंडे त्याच्याभोवती गरगर फिरू लागतात. लारिसा शेपित्को यांचा 'द असेंट' (१९७७) आणि एलेम क्लिमोव्ह यांचा 'कम अँड सी' (१९८५) हे बेलारूसमधल्या गनिमी तुकड्यांचे आणि जर्मनांनी तिथे केलेल्या अत्याचारांचे चित्रपट आहेत, नियमित सैन्याच्या आघाडीचे नव्हेत. 'कम अँड सी' तर मी कोणालाही पहिला किंवा दुसरा म्हणून सुचवत नाही. बेलारूसमध्ये माणसांसकट जाळलेल्या ६२८ गावांचा उल्लेख त्याच्या शेवटी येतो, आणि तिथपर्यंत पोचताना प्रेक्षकाची फार दमछाक होते. घरातल्या लहान मुलांसमोर तो अजिबात लावू नये. आघाडीवरची खरी ठाणी आणि पलीकडचा शत्रूचा काठ पाहायचा असेल तर तार्कोव्हस्कींचा 'इव्हान्स चाइल्डहुड' (१९६२) जवळचा आहे. नदीपलीकडे टेहळणीला जाणारा बारा वर्षांचा मुलगा आणि त्याला पाठवावे की नाही या पेचात अडकलेले अधिकारी, ही त्याची गोष्ट आहे. पण त्यातली स्वप्ने सगळ्यांना रुचत नाहीत.

आणखी एक गोष्ट आजच्या काळात स्पष्ट केली पाहिजे. हे चित्रपट रशियन भाषेतले आहेत, पण ते एकट्या रशियाचे नाहीत. चुख्राय युक्रेनमधल्या मेलितोपोलचे, बोन्दार्चुक खेरसोन भागातले, शेपित्को यांचा जन्म आज बाखमुत या नावाने जगाला माहीत झालेल्या शहरातला. लिओनिद बीकोव्ह यांचा वैमानिकांवरचा लोकप्रिय 'ओन्ली ओल्ड मेन आर गोइंग टू बॅटल' कीव्हच्या स्टुडिओत तयार झाला. 'कम अँड सी' चे लेखक आलेस आदामोविच बेलारूसचे, आणि ते स्वतः किशोरवयात गनिमी तुकडीत होते.

जॉर्जियात रेझो च्खेइद्झे यांनी काढलेला 'फादर ऑफ अ सोल्जर' यांत माझा विशेष आवडता आहे. द्राक्षमळा पिकवणारा एक म्हातारा जखमी मुलाला भेटायला रुग्णालयात जातो. मुलगा तोवर पुन्हा आघाडीवर गेलेला असतो, म्हणून म्हातारा हट्टाने स्वतःच सैन्यात भरती होतो आणि चालत चालत जर्मनीत पोचतो. तिथे स्वतःच्याच सैन्याचा रणगाडा द्राक्षवेलींवरून जाऊ लागल्यावर तो त्याच्यासमोर उभा राहतो आणि आतल्या तरुण चालकाला बाहेर ओढून दटावतो. नाशिककडच्या प्रेक्षकांना हा चित्रपट दाखवला तेव्हा या दृश्यावर टाळ्या पडल्या, आणि नंतरची चर्चा युद्धावर कमी व छाटणीच्या हंगामावर अधिक झाली.

आता प्रचाराचा प्रश्न. हो, हे सगळे चित्रपट सरकारी पैशाने, सरकारी परवानगीने तयार झाले. काय दाखवायचे नाही याच्या मर्यादा कडक होत्या. माघार घेणाऱ्यांवर बंदुका रोखणाऱ्या आपल्याच तुकड्या, शिक्षा म्हणून पाठवलेल्या बटालियन, जर्मनीत शिरल्यावर तिथल्या नागरिकांवर झालेले अत्याचार, यांबद्दल ते बहुतेक गप्प आहेत. पण एकाच व्यवस्थेत काम करणाऱ्या दिग्दर्शकांनी त्या मर्यादा सारख्याच पाळल्या असे नाही. अलेक्सेई गेर्मान यांनी १९७१ मध्ये 'ट्रायल ऑन द रोड' पूर्ण केला. जर्मनांच्या बाजूने गेलेला आणि परत आलेला एक सोव्हिएत सैनिक त्यात सहानुभूतीने रंगवलेला होता. कैदी किंवा फितूर हा माणूसही असू शकतो, हे अधिकाऱ्यांना मान्य झाले नाही आणि चित्रपट सुमारे पंधरा वर्षे डब्यात पडून राहिला. म्हणून 'प्रचार आहे की नाही' यापेक्षा मी असे विचारतो, की दिग्दर्शकाला कोणती गोष्ट सांगायची सक्ती होती आणि त्याने तिच्या आजूबाजूला काय सांगून घेतले.

नव्या चित्रपटांच्या बाबतीत सावधगिरी वेगळ्या प्रकारची लागते, कारण तिथे दंतकथा ही नोंद म्हणून विकली जाते. 'पानफिलोव्ह्ज २८ मेन' (२०१६) हा लोकवर्गणीतून सुरू झालेला आणि नंतर सरकारी मदतही मिळालेला चित्रपट आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये मॉस्कोजवळ दुबोसेकोवो येथे २८ सैनिकांनी रणगाडे रोखून प्राण दिले, ही त्याची गोष्ट. त्या परिसरात भीषण लढाई झाली हे खरे, पण नेमक्या २८ जणांची ती कथा वृत्तपत्राने रचली होती, असा निष्कर्ष सोव्हिएत लष्करी वकिलांनीच १९४८ मध्ये काढला होता. 'मृतां'पैकी एक जण जिवंत सापडला होता. रशियाच्या सरकारी अभिलेखागाराने हा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, सांस्कृतिक मंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली, आणि पुढच्या वर्षी अभिलेखागाराचे प्रमुख त्या पदावर राहिले नाहीत. गंमत अशी, की चित्रपटाचा पूर्वार्ध, म्हणजे खणकाम, फसवी मोर्चेबांधणी आणि रणगाड्याला तोंड देण्याचा सराव, हा खंदकातल्या कामाचे बऱ्यापैकी नेटके चित्रण आहे. वडील कदाचित हा भाग आवडीने पाहतील. इतिहास म्हणून मात्र तो घेऊ नये.

'नाइन्थ कंपनी' (२००५) या अफगाणिस्तानवरच्या चित्रपटाचेही तसेच. जानेवारी १९८८ मध्ये ३२३४ क्रमांकाच्या टेकडीवर ३९ सैनिक लढले, त्यांतले ६ मारले गेले आणि टेकडी टिकली. चित्रपटात जवळपास सगळी तुकडी संपते, आणि तीही सैन्य माघारी निघालेले असताना, वरिष्ठांच्या विसरभोळेपणामुळे. प्रशिक्षणाचा भाग जोरकस आहे, शेवट मात्र घडलेल्या घटनेपासून फार दूर जातो. २०१३ चा 'स्टालिनग्राड' तुम्ही पाहिलाच आहे. दोन्हींचे दिग्दर्शक फ्योदोर बोन्दार्चुक, म्हणजे 'दे फॉट फॉर देअर कंट्री' काढणाऱ्या सेर्गेई यांचे चिरंजीव. बापलेकांचे हे चित्रपट लागोपाठ पाहिले तर चाळीस वर्षांत काय बदलले हे समजायला लेखाची गरज उरत नाही. सध्या युक्रेनमध्ये चालू असलेल्या युद्धावर रशियात जे चित्रपट निघत आहेत ते मी या चर्चेत धरत नाही. चालू युद्धातल्या एका पक्षाने त्याच युद्धासाठी काढलेल्या चित्रपटांकडून आघाडीचे खरे चित्र मिळेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

वडिलांनी बंडखोरीविरोधी कारवाईच्या भागात नोकरी केली असेल तर अलेक्सान्द्र रोगोझ्किन यांचा 'चेकपॉइंट' (१९९८) त्यांना सर्वांत ओळखीचा वाटेल. उत्तर कॉकेशसमधल्या डोंगराळ भागात एका नाक्यावर टाकून दिलेली छोटी तुकडी, कंटाळा, अंघोळीची अडचण, गावकऱ्यांशी चाललेला संशयी व्यवहार, आणि कुठूनतरी येणारी एखादी गोळी. मोठी लढाई नाहीच. काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत, म्हणून आधी तुम्ही एकटे पाहून घ्या.

क्रम विचाराल तर मी असा ठेवेन. आधी 'बॅलड ऑफ अ सोल्जर', कारण तो छोटा आहे आणि कृष्णधवल चित्रपटांबद्दलची भीती घालवतो. मग 'दे फॉट फॉर देअर कंट्री', लागल्यास दोन बैठकांत. तो रुचला तर 'हॉट स्नो', आणि संथपणा सोसत असेल तर 'द लिव्हिंग अँड द डेड'. मध्ये कधीतरी मन हलके करायला 'फादर ऑफ अ सोल्जर'. 'कम अँड सी' सर्वांत शेवटी, किंवा नाहीही.

यांतले मोसफिल्मचे बरेचसे चित्रपट त्या स्टुडिओच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर इंग्रजी उपशीर्षकांसह मोफत मिळतात. डब केलेल्या प्रती शक्यतो टाळा. खंदकातल्या गप्पांचा पोत, म्हातारीचा चढलेला आवाज, थकलेल्या माणसाचे अर्धवट तुटणारे वाक्य, हे डबिंगमध्ये पार सपाट होते. वडिलांना उपशीर्षके वाचवत नसतील तर मी शिबिरात करतो ते करून पाहा : कथा आधी मराठीत पाच मिनिटांत सांगून टाका, कोण कोण आहे ते चेहऱ्यांनिशी ओळखून द्या, आणि चित्रपट चालू असताना फक्त जिथे ते तुमच्याकडे वळून पाहतील तिथेच एखादे वाक्य हळूच सांगा. खणताना, चालताना, जेवताना आणि रजेच्या अर्जावर सही होताना त्यांना बहुधा ते लागणार नाही.